घरात गाडी असताना

राग आला की भांडी आपटावीत, म्हणजे तो तिथेच संपतो. मला भांडी आपटता येत नाहीत. मग राग आत मुरतो, आणि चांगला मुरला की त्याचे किस्से होतात. लग्न होऊन अजून वर्ष व्हायचंय, तर माझ्याकडे एवढे साठलेत की मैत्रिणी भेटल्या की विचारतात, "काय गो, ह्या रविवारी काय झाला?" रविवारीच का, ते पुढे कळेल.

सगळे किस्से एकाच वस्तूचे. ती मालवणात आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, झावळ्यांच्या मांडवाखाली उभी असते. तिला चार चाकं आहेत, त्यांपैकी तीन बहुधा लावलेली असतात.

गाडी लढाईच्या आधीची, विलायती, एवढीशी. गावातले एक म्हातारे डॉक्टर कायमचे मुंबईला गेले आणि जाताना ती आमच्या ह्यांच्या गळ्यात बांधून गेले. हे कचेरीत कारकून. गाडीचा मिस्त्री कुडाळात. "तेका कित्या पैसे दिवचे? आपल्या हातान केला तर फुकट होता!" असं ह्यांनी जाहीर केलं आणि दर रविवारी आमच्या खळ्यात सर्व्हिसिंग सुरू झालं. मदतीला दोघे. बाबल, म्हणजे ह्यांचा मावसभाऊ. त्याचं कापडाचं दुकान. आणि मास्तर. ते हायस्कुलात सायन्स शिकवतात, फळ्यावर इंजिन फार सुरेख काढतात. गाडीला हात त्यांनी आमच्याच खळ्यात पहिल्यांदा लावला.

तिघांनाही चहा लागतो. तो फुकट होतो.

*

आषाढात मी म्हटलं, "दोन दिवस कसालला आईकडे जाऊन येते. सकाळची एसटी आहे."

ह्यांचा घास हातातच राहिला. "एसटी? घरात गाडी असताना माझी बायको एसटीन जातली? लोक काय म्हणतले?"

"मग गाडीने कधी?"

"ह्या रविवारी! सकाळी सर्व्हिसिंग, दुपारी कसाल!"

सासूबाई पानात आमटी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "जातास तर माका चौक्याक सोडा. वाटेतच आसा. भावाक बघूक नाय कधीपासून."

"सोडतंव गो आये! गाडी कोणासाठी घेतली?"

रविवारी सकाळी तिघांनी इंजिन उघडलं. दुपारी ते उघडंच होतं. पुढच्या रविवारीही. सासूबाई गाडी येण्याआधी महिन्या-दोन महिन्यांनी एसटीत बसून चौक्याला माहेरी जाऊन येत असत. आता घरात गाडी आली होती, त्यामुळे आम्हा दोघींचं बाहेर जाणंच संपलं!

*

आईने मला लग्नात पितळेची मोठी परात दिली. एका रविवारी वड्यांचं पीठ मळायला घ्यावी, तर जाग्यावर नाही. खळ्यात सापडली. काठोकाठ रॉकेल, आणि त्यात गाडीची काळी आतडी भिजत घातलेली.

"अहो, यात पीठ मळतात!"

"चिंचेन घास, लख्ख होता," हे म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

"आणि वास?"

यावर मास्तरांनी मला शिकवायला घेतलं. "वहिनी, रॉकेल हवेत उडून जातं. शास्त्रच आहे ते."

मी चिंच लावली, राख लावली, पुन्हा चिंच लावली. बोटांची सालं निघाली. रात्री कोंबडीचा रस्सा आणि वडे, तिघेही पंगतीला. मास्तरांनी पहिला वडा बराच वेळ चावला.

"वहिनी, चूल नीट पेटत नाही का? वड्याला रॉकेलचा वास येतोय."

"उडून जाईल," मी म्हटलं.

*

मग रेडिएटर गळायला लागला. बाबलला कुणीतरी सांगितलं होतं, आत हळद घातली की भोक बुजतं. कोणी सांगितलं, त्याचं नाव आजपर्यंत कळलेलं नाही, नाहीतर मी त्याला भेटणार होते.

वर्षाची हळद मी स्वतः कांडून, चाळून डब्यात भरली होती. डबा गेला तो भरलेला आणि आला तो रिकामा.

"गो, हळद काय, परत आणूक येता. रेडिएटर येता काय?" इति हे.

इंजिन चालू केलं. गळती खरोखर थांबली! तिघांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. पाणी उकळायला लागलं तशी मास्तर म्हणाले, "आता झाकण उघडून बघू." फळ्यावरच्या इंजिनाला बहुधा वाफ नसते.

ती उकळी जी उडाली! झाकण माडाच्या झापांत गेलं आणि तिघे नखशिखान्त पिवळे. नशीब, सगळे मागे सरकले होते, भाजलं कुणाला नाही. आवाज ऐकून सासूबाई पडवीत आल्या. मुलाकडे वरपासून खालपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

"सून घराक येवन इतके म्हयने झाले," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या झीलाक हळद आता लागता!"

शेजारपाजार हसला. मीही हसले, पण पदर तोंडाला लावून आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाणी कशाचं होतं ते सांगत नाही. त्या महिन्यात आमटी पांढरी झाली.

*

चुलतबहिणीचं कसालला लग्न ठरलं. मी पुन्हा एसटीचं नाव काढलं, पुन्हा तेच, "घरात गाडी असताना?"

आदल्या दिवशी गाडीच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, करकरतात म्हणून त्यांना तेल द्यायचं ठरलं. विकतचं तेल महाग. बंदरावर होड्यांना चोपडतात ते मोरी माशाचं तेल बाबलने डबाभर आणलं, फुकट. तिघांनी ते कमानींना, दारांना, बिजागऱ्यांना आणि थोडंसं माझ्या बसायच्या सीटलाही लावलं. कातडं मऊ होतं म्हणे.

सकाळी मी शालू नेसून, वेणी माळून बाहेर आले. गाडीखाली वाडीतली सगळी मांजरं. टपावर दोन. हाकलली तर परत येत. निघालो, तर मागून कुत्री. मी नाकाला वेणी लावून बसले.

कुंभारमाठाच्या चढणीवर गाडीने दम टाकला. हे, बाबल, मास्तर खाली उतरले. बाजूने डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली चालली होती. ती थबकली. तिने हवा हुंगली आणि माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघितलं.

"वैनी, मोरी खंय गावली गो तुका? आज आमच्या होडयेक एक नाय!"

लग्नाचा मुहूर्त कसालला लागला तेव्हा मी कुंभारमाठात एका आंब्याखाली बसले होते. अंगावर शालू, आणि शालूला मोरीचा वास. कसालला जाणारी एसटी समोरून गेली. तीत जागा होती. मी बघितली.

*

प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर काही नट, बोल्ट, वाशर उरत. पहिल्यांदा उरले तेव्हा तिघे जरा गंभीर झाले. मग मास्तरांनी उलगडा केला, "कंपनी थोडे जास्तच देते. शर्टाला एक बटण जादा शिवतात ना, तसं."

उरलेले ठेवायला माझी लोणच्याची बरणी गेली. चिनी मातीची, माहेरची. लोणचं डब्यात काढलं, त्याला बुरशी आली, ते टाकलं. बरणी मात्र भरत गेली.

एका रविवारी गाडी सुरू झाली म्हणून बाबलने उत्साहाने दार उघडलं, ते पूर्णच उघडलं. म्हणजे त्याच्या हातातच आलं. दार दोन्ही हातांनी छातीशी धरून तो स्वयंपाकघरापाशी आला. चेहरा अगदी पडलेला.

"वैनी, ह्या खंय ठेवू?"

"बरणीत," मी म्हटलं.

*

आता ढकलण्याविषयी. स्टार्टर मेला, तेव्हापासून गाडी ढकलूनच सुरू होते. आधी हे आत बसत आणि बाबल, मास्तर आणि मी ढकलत असू. होय, मी! नऊ महिन्यांपूर्वी ज्या दारातून माप ओलांडून आले, त्याच दारासमोर पदर खोचून. येणारे-जाणारे थांबून बघत. तेव्हा ह्यांना लोक काय म्हणतील हे सुचलं नाही.

मग मास्तरांनी हिशेब मांडला. आत सर्वांत हलकं माणूस हवं आणि मागे सर्वांत जड. झालं, मला आत बसवलं. हे खिडकीतून सांगत, "दुसरो गियर मी घातलेलो आसा. ह्यो क्लच. दाबून ठेव. मी 'सोड' म्हटलंय की सोड. लगेच परत दाब, आणि हय जरासा पेट्रोल दी. झाला की ब्रेक. बाकी कायएक करू नको!"

घरासमोरचा उतार थेट कसालच्या रस्त्याला मिळतो. त्या उतारावर मी दर रविवारी क्लच सोडला, दाबला, पेट्रोल दिलं, वळणावर स्टिअरिंग फिरवलं, नीट थांबवली. मागून धापा टाकत हे येत आणि दार उघडून म्हणत, "उतर गो आता."

की मी उतरायची. मग हे गावातून एक फेरी मारून येत. मला न घेता. वजन होतं म्हणून.

एकदा पोस्टमन म्हणाला, "वैनी बरी गाडी चलयतत!"

तर बाबल केवढ्याने हसला! "वैनी खंय चलयता? ती नुसती बसता!"

त्या रात्री मी भाकरी थापताना परातीला तळहात लागून लागून लाल झाला. सासूबाई बघत होत्या. पुढची भाकरी त्यांनी थापायला घेतली.

*

आणि आता जत्रा.

आमच्या कसालकडची रीत अशी, की लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला मुलीने येऊन देवीची ओटी भरायची. स्वतः. दुसऱ्याच्या हातून चालत नाही, पुढच्या वर्षी भरून चालत नाही. आईचा निरोपावर निरोप, "एवढ्याक तरी ये गो." लग्न चुकलं, आषाढ गेला, दिवाळी गेली. हे चुकलं असतं तर मी खरंच भांडी आपटली असती.

"जत्रेक जावचाच!" हे म्हणाले. "देवीच्या पायांशपथ! घरात गाडी असताना..."

जत्रा रविवारी आली. मी पहाटे उठून ओटी बांधली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. हळकुंडं मी लपवून ठेवली होती. बाहेर येऊन बघते, तर तिघे गाडीखाली.

"निघायच्या आधी जरासा बघून घेतंव," गाडीखालून ह्यांचे पाय म्हणाले.

सकाळची एसटी गेली. दुपारची गेली. सासूबाई चौक्याला भावाकडे उतरणार म्हणून इरकली लुगडं नेसून सकाळीच मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, मांडीवर खाज्याचा पुडा. चहाला हाक मारली तर म्हणाल्या, "नाय बाय! एकदा उतरलंय तर परत बसूक मिळाचा नाय."

दिवस कलायला आला तेव्हा तिघे बाहेर आले. काळे, घामेजलेले, खूश. मास्तर म्हणाले, "आता घड्याळासारखी चालेल." हे म्हणाले, "एकदा सुरू करून बघूया. मगे हात धुवन, चाय घेवन निघूया. बस गो आत."

मी ओटी शेजारच्या सीटवर ठेवली आणि बसले. तिघांनी ढकललं. उतार लागला.

"सोड!"

मी सोडला. गाडी एकदा शिंकली आणि सुरू झाली. पेट्रोल दिलं. ब्रेकवर पाय ठेवून बघितला. होता, जागेवर होता. मागून पावलं धावत येत होती, आणि नेहमीचीच हाक,

"उतर गो आता!"

समोर कसालचा रस्ता मोकळा होता. मी वळण घेतलं.

"उतर! गो, उतर!" मग बाबलचा आवाज. "वैनी! वैनीऽऽ!" मग मास्तरांचं काहीतरी शास्त्रोक्त. आरशात तिघे धावताना दिसले, सर्वांत पुढे हे. हात उंच केलेला आणि त्या हातात काहीतरी लोखंडी, चकाकणारं. पान्हा होता की गाडीचंच काही होतं, ते दिसेना.

कुंभारमाठाची चढण आली. पण आत तीन बाप्ये नव्हते. गाडी कुरकुरली नाही, थांबली नाही, चढून वर आली. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. मागे वळून बघायची मला छाती होईना.

"आई," मी हळूच म्हटलं, "ते हात करत होते."

खाज्याच्या पुड्याची दोरी सुटल्याचा आवाज आला. सासूबाईंनी एक खाजा मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.

"करूंदेत," त्या म्हणाल्या. "चौक्यापर्यंत थांबव नको हां गो. माझा माहेर आधी लागता."