आईनं जमवलेले केस

आमच्या घराण्यात केस दोघींकडे गेले, आईकडे आणि धाकट्या बहिणीकडे. माझ्या वाट्याला कपाळ आलं, आणि ते दरवर्षी थोडं थोडं मागं सरकत गेलं. आता पन्नाशी ओलांडल्यावर तोंड कुठपर्यंत धुवायचं हे मी अंदाजानं ठरवतो.

बहिणीचे केस दाट, कुरळे, कमरेच्या खाली. पाथर्डीकडच्या आमच्या गावात रविवारी सकाळी आई तिला उंबऱ्यावर बसवून तेल लावायची. फणीचे दात मोडायचे, बहीण केकाटायची. तिचं झालं की आईच्या तळहाताला उरलेलं तेल माझ्या डोक्याला पुसलं जायचं. माझ्यासाठी वेगळं तेल कधी ओतल्याचं मला आठवत नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं असावं असा माझा दावा आहे. आई तो मानत नाही.

फणीत अडकलेलं गुंतवळ आई बोटाभोवती गुंडाळायची, कुणी करणी करू नये म्हणून त्यावर थू थू करायची आणि पत्र्याखालच्या फटीत खोचून ठेवायची. महिन्या दोन महिन्यांनी 'केसांवर भांडीऽ' ओरडत सायकलवाला यायचा. आई त्याच्याशी तासभर भांडायची आणि गुंतवळाच्या गोळ्यांवर एखादी वाटी मिळवायची. आमच्या मांडणीवर तीन वाट्या बहिणीच्या केसांच्या होत्या. माझ्या केसांचा चमचासुद्धा नव्हता.

मागल्या वर्षी बहिणीच्या छातीत गाठ निघाली. ती भिंगारला राहते, दाजी लष्कराच्या ऑफिसात कारकून आहेत. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, आणि किमो सुरू होणार म्हटल्यावर आई गावचं घर शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून तिच्याकडे येऊन राहिली. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, केडगावला. स्कूटरवर जाऊन येऊन असायचो, फळं न्यायचो, ती कुणी खायचं नाही, मग मीच खायचो.

पहिल्या किमोआधी दवाखान्यातल्या नर्सनं समजावून सांगितलं होतं. "ताई, केस आधीच बारीक करून घ्या. गळायला लागले की बघवत नाहीत."

आई मध्येच म्हणाली, "सवाष्णीच्या केसाला कात्री लावायची न्हाई. गळायचे ते गळू द्या. ऱ्हायचे ते ऱ्हातील."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. दाजींनी माझ्याकडं बघितलं. घरात शिकलेला, शाळेत नोकरीला असलेला थोरला भाऊ मी. मी म्हणालो, "आई म्हणते तर राहू दे. आठ दिवसांनी बघू."

आठ दिवसांनी काही झालं नाही, म्हणून आईला वाटलं आपण जिंकलो. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसले. मग चार दिवसांत सगळे. हात लावला की मूठभर हातात यायचे. बहीण भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची आणि आई गुडघ्यांवर बसून उशीवरचे, फरशीवरचे, न्हाणीच्या जाळीवरचे केस वेचायची.

"आये, फेक ते," बहीण म्हणायची.

"फेकते," आई म्हणायची.

पाचव्या दिवशी मी निघालो तेव्हा आईनं जिन्यात गाठून माझ्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी दिली. मला वाटलं बाजरीचं पीठ. वजनाला हलकी लागली म्हणून उघडली, तर आत धुऊन वाळवलेल्या पांढऱ्या फडक्यात बहिणीचे केस. खोबरेल तेलाचा वास तसाच.

"तुज्या शाळेत केस घेणारे येणार हायेत म्हनलास ना," आई म्हणाली. "त्यांना दे. म्हनावं, तिचेच हायेत, तिलाच लावा. डोक्यावर काय न्हाई म्हनून बाई दारात उभी ऱ्हाईना झालीय. भाजीवाला आला तरी मलाच म्होरं ढकलती."

हे खरं होतं. बहीण दवाखान्यात जाताना डोक्याला रुमाल बांधून रिक्षाचे दोन्ही पडदे पाडून जायची. गल्लीत बारा वर्षं जिचा आवाज सगळ्यात मोठा, ती दार वाजलं की आतल्या खोलीत जायची. आईला तिचा आजार बरा करता येत नव्हता, ते डॉक्टरांचं काम होतं. लेकीला पुन्हा दारात उभी करायची, एवढंच आईनं स्वतःकडं घेतलं होतं. त्यातलं धावपळीचं काम माझ्याकडं.

शाळेत खरंच शिबिर होतं. पुण्याच्या एका संस्थेच्या बाई येणार होत्या, मुलींनी केस दान करायचे, त्याचे विग करून किमो घेणाऱ्या बायकांना फुकट देतात. शाळेत मी क्लार्क, पोरं मला भाऊसाहेब म्हणतात. आमच्या मोठ्या बाईंनी केस मोजायचं काम माझ्याकडं दिलं. मोठ्या बाईंना विनोदाचं अंग आहे की नाही हे मला सव्वीस वर्षांत कळलेलं नाही. हातात टेप घेऊन मी दारात उभा. बारा इंच भरले तर पुढच्या खुर्चीवर, नाहीतर घरी.

"भाऊसाहेब, तुमचे कधी दिले?" नववीतल्या एका मुलीनं विचारलं.

"हप्त्याहप्त्यानं दिले," मी म्हणालो. रांग हसली.

त्या मुलीची वेणी अठरा इंच भरली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीकडे राहणारी. संमतीच्या कागदावर आजीचा अंगठा होता. खुर्चीवर बसताना तिनं डोळे मिटले, पार्लरच्या ताईंनी वर एक आणि खाली एक रबर घट्ट बांधलं आणि वरच्या रबराच्या वरून कात्री चालवली. वेणी अखंड हातात आली. मी ती पाकिटात घातली. किती साधं काम होतं ते.

माझी बायकोही मोठ्या उत्साहानं आली होती. संस्थेच्या बाईंनी केस उजेडात धरून विचारलं, "मेंदी लावता का?"

"लावते की, महिन्याला."

"मग नाही चालणार हो. काही लावलेलं नको असतं."

बायको माझ्याकडं वळून म्हणाली, "ज्यांच्यामुळं पांढरे झाले त्यांना विचारा, मेंदी का लावावी लागली." तेही सगळ्या रांगेसमोर.

सगळं आवरल्यावर मी स्कूटरच्या डिकीतून पिशवी आणली. संस्थेच्या बाईंनी फडकं सोडलं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. त्यांनी दोन बोटांनी केस थोडे उलगडायचा प्रयत्न केला आणि थांबल्या.

"कुणाचे?"

"धाकट्या बहिणीचे. गळालेले. आईनं गोळा केलेत."

"गळालेल्या केसांत मुळं आणि शेंडे उलटसुलट होतात," त्या हळू बोलल्या. "विणले तरी गुंता होतो, घालता येत नाहीत. बांधून कापलेलेच लागतात आम्हाला. किमोच्या आधी वेणी घालून कापले असते, तर..."

त्या तिथंच थांबल्या. त्यांनी ते वाक्य पुरं केलं असतं तर बरं झालं असतं. आता ते मलाच रोज पुरं करावं लागतं.

त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा नीट मारून दिली. दवाखान्यातून अर्ज करा म्हणाल्या, विग मिळेल. दुसऱ्या कुणाच्या तरी केसांचा असेल, आणि एका विगला चार-पाच जणींचे लागतात, म्हणून वेळ लागेल. मी त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन अर्ज भरून दिला. पिशवी घरी आणून माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात ठेवली.

संध्याकाळी आईचा फोन. "दिले का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दिले."

तिथून माझे हाल सुरू झाले. चार दिवसांनी आई विचारायची, कुठवर आलं. मी सांगितलं, धुवायला टाकलेत. पुढच्या आठवड्यात म्हणालो, वाळतायत. मग विंचरायला घेतलेत, मग विणायला. कुरळे आहेत म्हणून वेळ लागतोय, असंही एकदा म्हणालो, तर आई खूश झाली. "लई कुरळे हायेत तिचे. त्यांना सांग, वल्ले असतानाच विंचरा."

"सांगतो," मी म्हणालो.

बायको बाजूला कणीक मळत होती. "अहो, पापड आहेत का ते वाळत घालायला? सांगून टाका एकदाचं."

"तू सांग."

"आई कुणाची?"

नुसतं 'गळालेले चालत नाहीत' असं सांगून भागलं नसतं. आई विचारणारच, मग कसले चालतात. आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. कात्री नको म्हणणारी ती होती, आणि राहू दे म्हणणारा मी.

अडीच महिन्यांनी दवाखान्यातून विग आला. मी भिंगारला पोचलो तेव्हा बहीण आरशासमोर तो घालून बसली होती. काळेभोर, सरळ, खांद्यापर्यंत. तिनं मान इकडं तिकडं केली.

"दादा, मी माझीच नणंद दिसते का रे?"

"नणंदेपेक्षा बरी दिसतेस," मी म्हणालो. दाजी ऑफिसला गेलेले होते म्हणून.

ती खूप दिवसांनी हसली. तेवढ्यात गल्लीत भाजीची गाडी आली. बहीण उठली, पदर सारखा केला, दोन पावलं टाकून थांबली, पुन्हा आरशात बघून आली आणि दारात गेली. मी आईकडं बघितलं. आईचा चेहरा फुलायला हवा होता. ती विगच्या रिकाम्या डब्याकडं बघत होती.

"हे तिचे न्हाईत," ती म्हणाली.

मी आणलेली फळं ताटात काढायला लागलो.

"सकाळी हात फिरवून बघितला मी. वल्ले करून बी सरळच. तिचे कुठंयत?"

"माज्याकडं हायेत, आई. माळ्यावर."

"न्हाई घेतले?"

"न्हाई. गळालेले चालत न्हाईत त्यांना. मूळ कुठलं, शेंडा कुठला, कळत न्हाई."

"मग कसले चालत्यात?"

बाहेर बहीण भाजीवाल्याला विचारत होती, मेथीची जुडी आहे का नुसता दोरा बांधलाय. आवाज अजून पूर्वीइतका चढत नव्हता.

"येणी घालून," मी म्हणालो, "रबर बांधून. कापलेले."

आईनं तो रिकामा डबा उचलून कोनाड्यात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी कापायचे हुते." ती विचारत नव्हती.

"मी बी राहू दे म्हनलो हुतो, आई."

"व्हय," आई म्हणाली. माझ्या त्या बोलण्याचा तिला उपयोग नव्हता आणि मलाही नव्हता. मला वाटलं, आता ती रडेल. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान पाणी आणून देता आलं असतं. तिनं दोन्ही हात मागं नेऊन अंबाडा सोडला.

"मोज."

"काय?"

"तुला शाळेत मोजायला बशिवलं हुतं ना? माजे मोज."

बहिणीच्या शिलाई मशिनवर टेप लोंबत होती. मी घेतली. आईची वेणी आता करंगळीएवढी राहिली आहे, पांढरी. मानेपासून धरली, शेंड्याशी आली, तर नऊ इंच. शिबिरात जशी ताणून धरत होतो तशी धरली, तरी नऊच.

"कमी भरत्यात."

"किती?"

"चार बोटं."

"मग वाढवते," आई म्हणाली. "ही ज्या पोरींचे घालून बसलीय त्यांचं देनं ऱ्हायलं ना आपल्यावर. वरसात येत्यात का चार बोटं?"

आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. संस्थेच्या बाईंनी दिलेल्या नियमांच्या कागदावर पांढरे केस घेत नाहीत अशीही एक ओळ होती. ती मला पाठ आहे.

"येतील," मी म्हणालो.

बहीण मेथी घेऊन आत आली. आईचे मोकळे केस, माझ्या हातात टेप. "काय चाललंय तुमचं?"

"काय न्हाई. तेल आन जरा," आई म्हणाली, "आन् ते काढून ठिव आता. उकडत असंल."

बहिणीनं विग काढून पालथ्या पातेल्यावर ठेवला आणि घाम पुसत माझ्या शेजारी टेकली. दोन टकली डोकी शेजारी शेजारी. फरक एवढाच की तिचे परत येतील असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा अजून दोन किमो राहिले होते.

आईनं तळहातावर तेल घेतलं, आपल्या केसांना सावकाश लावलं, पुन्हा पुन्हा शेंड्यापर्यंत ओढलं. उरलेलं तेल दोन बोटांनी बहिणीच्या डोक्यावर जिरवलं. तरीही हाताला थोडं राहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी न सांगता डोकं खाली केलं.

"उद्या ती पिशवी घिऊन ये," तेल पुसता पुसता ती म्हणाली.

"काय करायचंय?"

"घिऊन ये. केसांवर भांडीवाला ह्या गल्लीत बी येतो."