सासूबाईंबरोबर गरम पाण्यात

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन इंग्लंडात, आम्ही राहतो त्या लेस्टरला झालं, त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही तिघं जपानला गेलो. नवऱ्याची टोकियोत कॉन्फरन्स होती. ती संपल्यावर डोंगरातल्या एका गरम झऱ्यांच्या गावात दोन रात्री राहायचं त्यानंच ठरवलं. "आईच्या पायांना बरं वाटेल," म्हणाला.

गाव म्हणजे एक नदी, काठाला जुनी लाकडी हॉटेलं आणि गटारांच्या जाळ्यांतून सतत वर येणारी वाफ. गंधकाचा वास येताच सासूबाई म्हणाल्या, "आमच्या उन्हाळ्यासारखंच आहे की." त्यांचं माहेर कोकणातलं. तिकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. लहानपणी त्या परकर-पोलक्यासकट त्यात उतरायच्या.

इथे मात्र अंगावर काहीही चालत नव्हतं. भिंतीवर स्विमिंग कॉस्च्यूमचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेली होती. नवरा पुरुषांच्या बाजूला निघून गेला.

"आई, तुम्ही आधी जाऊन या. मी मागून जाईन."

"आणि आंघोळीच्या त्या एवढ्याशा स्टुलावरून मला उठवणार कोण?"

मी डॉक्टर आहे, रोज अनोळखी माणसांना कपडे काढायला सांगते. पण लग्नाला चौदा वर्षं होऊनही सासूबाईंसमोर मी कधी साडीसुद्धा बदलली नव्हती. छोटा टॉवेल पोटाशी धरून मी आत गेले.

आधी स्टुलावर बसून साबणानं अंग धुवायचं असतं. त्यांची पाठ मी चोळून दिली. "आता वळ, तुझी देते," त्या म्हणाल्या. वळताना टॉवेल खाली पडला आणि त्यांना ओटीपोटावरचा आडवा व्रण दिसला.

"हे कधी झालं?"

खोटं बोलणं सहज जमलं असतं. अपेंडिक्स म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी खरं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली, घाईनं ऑपरेशन करावं लागलं. त्याच आठवड्यात नागपूरला सासऱ्यांची बायपास होती, म्हणून आम्ही दोघांनी त्यांना कळवलं नाही. नंतर सासरे गेले, त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि सांगायचं राहूनच गेलं.

पाण्यात आम्ही शेजारी बसलो, पण त्या समोरच्या डोंगराकडे बघत होत्या. जेवतानाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आमच्याकडे आल्यापासूनच्या चार वर्षांत त्या मला कितीदा म्हणाल्या होत्या, "आता नोकरीच्या मागे किती लागशील, मुलाबाळाचंही बघ." मला वाटलं, त्यांना राग आलाय, आणि तो यायलाच हवा.

नवरा खोलीत आल्यावर मी त्याला सांगितलं, "आईंना कळलं." तो टॉवेलनं केस पुसत होता. तसाच म्हणाला, "बरं झालं."

सकाळी बाहेर वाफेवर उकडलेली रताळी मिळत होती. बाकावर बसून ती सोलताना सासूबाईंनी विचारलं, "तेव्हा तुला जेवायला कोण घालत होतं?"

"बेलग्रेव्ह रोडवरच्या खानावळीतून डबा यायचा."

"काय असायचं त्यात?"

"दाल, रोटी, एखादी भाजी."

"तिखट?"

"हो."

"टाक्यांवर तिखट खाल्लंस." रताळ्याचा सोललेला तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. "मला सांगायला हवं होतंस गं. तिकडून येता आलं नसतं मला, पण सांगायला हवं होतंस."

"हो," मी म्हणाले.

रताळं संपल्यावर त्यांनी टॉवेलांची पिशवी उचलली. नवरा चालायला निघाला होता. त्याला त्यांनी सांगितलं की आम्ही दोघी पुन्हा पाण्यात चाललोय, जेवायच्या वेळेपर्यंत वाट बघू नकोस. आत गेल्यावर मी टॉवेल बाकड्यावरच ठेवला.