काकांची बी.ए.

बी.ए.च्या परीक्षेला आमच्या घरातून दोघं बसलो, मी आणि शेजारचे काका. माझं वय परीक्षेचं होतं. काकांचे सगळे केस पांढरे झाले होते.

काका जर्मनीतले ज्यू. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायचे. आधी मुंबईत राहिल्यामुळे त्यांना मोडकंतोडकं मराठी यायचं आणि बाबांच्या बदलीमुळे इथे येऊन पडलेल्या आईला तेवढंही पुष्कळ होतं. ते तिला वहिनी म्हणत आणि तिच्या थालीपिठांवर आडवा हात मारत.

तरुणपणी ते तिकडे वकिली शिकत होते. शेवटच्या परीक्षेच्या सकाळी विद्यापीठाच्या फाटकावर त्यांना अडवलं. ज्यूंना आत सोडायचं नाही, असा नाझींचा हुकूम होता. "रोज मला हसून बघणारा पहारेकरी," काका सांगत, "त्या दिवशी म्हणाला, तू इथला विद्यार्थी नाहीस." मग बोट आणि मुंबई. आई-वडील मागाहून येणार होते. ते कधीच आले नाहीत.

तर या काकांना निवृत्तीच्या तोंडावर डिग्रीची हुक्की आली आणि त्यांनी प्रायव्हेट फॉर्म भरला. बाबा म्हणाले, "आता डिग्रीचं काय लोणचं घालणार?"

"घालणार," काका म्हणाले. "मुरलंय खूप वर्षं."

अभ्यास आमच्याच जेवणाच्या टेबलावर चाले. इतिहासाच्या पुस्तकात हिटलर जेमतेम पानभर होता. ते वाचून काका म्हणाले, "छान. लवकर संपला."

परीक्षेच्या सकाळी आईने दोघांच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. मी चाटून मोकळी झाले. काका हात तसाच धरून उभे राहिले, दही मनगटावर ओघळलं.

"वहिनी, फाटकावरून परत आलो तर?"

"दहीसाखर खाऊन निघालेला माणूस फाटकावरून परत येत नाही," आईने ठणकावलं. "खा बघू आधी!" याला शास्त्राधार कुठला, ते देव जाणे. काकांनी निमूट खाल्लं.

केंद्राच्या फाटकाशी मात्र त्यांचे पाय थबकले. मी त्यांना ओढणार, तेवढ्यात चौकीदाराने त्या पांढऱ्या केसांकडे पाहून कडक सलाम ठोकला आणि बाजूचं दार दाखवलं. "प्रोफेसर साब, तुसी उधर से आओ जी. ये गेट तो स्टूडेंट लोगों का है."

मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. चिकट हातातलं प्रवेशपत्र त्यांनी पुढे धरलं आणि रांगेतली सगळी पोरं वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मैं स्टूडेंट हूँ जी!"

हसता हसता मला रडूच आलं. चौकीदाराने एकदा कार्ड पाहिलं, एकदा काकांना पाहिलं.

"तो फिर इधर से ही जाओ, बाबाजी. जल्दी करो, घंटी हो गई."

काका चक्क पळत आत गेले. माझ्यासाठी थांबायचंही त्यांना सुचलं नाही.