मैनेच्या डोळ्याखालचा भोवरा

आक्का गेल्याचं मला अकोल्यात कळलं. कापसाच्या गाड्या उतरत होत्या. अमरावतीहून आलेल्या आमच्या गाडीवानाने खाली उतरण्याआधीच डोक्याचं मुंडासं काढलं... तेवढ्यावरून समजलो. मी निघालो तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. तरी निघालो, कारण तिच्याजवळ मला बसवत नव्हतं. का, ते आज दीड महिन्याने लिहितो आहे.

आक्का माझी थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती कायमची माहेरी आली. तिचं मन रमावं म्हणून आबांनी, आमच्या वडिलांनी, ती यायच्या आधीच अचलपूरच्या बाजारातून एक शिंगरी घेऊन ठेवली. सोबत मी एकटाच होतो. घोड्याच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा असला तर ते घरात रडं आणतं, म्हणून आमच्याकडे तसं जनावर कोणी दारात बांधत नाही. आबांनी दोन्ही डोळ्यांखालून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साफ हाय. घे."

तीच मैना. आक्का कासोटा घालून तिच्यावरून नांदगावाकडच्या शेतात जायची. लोक बोलत. ती म्हणे, "पायी गेली असती तं पायाले नावं ठेवली असती." मी एकदा मैनेवर बसलो, तर म्हणाली, "उतर बापू, घोडीले वाटून राहिलं सरकीचं पोतं लादलं." माझी बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून माझ्या चंद्रीची आई आक्काच झाली. पोरीला पुढ्यात घेऊन ती रोज सकाळी गावाबाहेर एक फेरी मारून यायची. आबा गेल्यावर घर तिनेच धरून ठेवलं.

मग दूर अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि इथे कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईच्या एका पेढीचा साहेब अमरावतीत तंबू ठोकून खरेदी करत होता. त्याच्या मनात मैना भरली. घोडी मिळाली तर हंगामभराची खरेदी तुझ्याच दलालीतून, असं तो म्हणाला. मी आक्काला विचारलं. ती हसली. "तुही पगडी दे त्याले. घोडी नाई भेटत."

त्याच आठवड्यात चंद्रीला ताप भरला. सहाव्या दिवशी पोर डोळे उघडेना. आणि मी... मी आक्काला म्हणालो, "आबांनी तेव्हाच भोवरा पाहिला होता. तू दुःखात होतीस, म्हणून बोलले नाहीत."

"काहून सांगतलं नाई आतापरेंत?" एवढंच ती म्हणाली. मैनेपाशी गेली. लगामाच्या पट्ट्याने डोळ्याखालचे केस थोडे वळले होते, ते मी आधीच हेरून ठेवलं होतं. आक्का तिथे कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. जनावराची पारख तिला माझ्याहून फार होती. पण आबांच्या नावापुढे तिने आपल्याच बोटावर भरवसा ठेवला नाही. मैनेला तिने स्वतः तंबूपर्यंत नेलं. दोन दिवसांनी चंद्रीचा ताप उतरला. माझं खोटं खरं ठरलं.

त्यानंतर ती घोड्यावर बसली नाही. हंगाम मला मिळाला. तो केव्हाच सरला, भावही बसले. मी अकोल्याला निघालो त्या दिवशी तिने माझा हात धरला. "बापू, माह्या हौसेपायी तुही पोर जात होती. माफ कर मले."

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "आराम कर," आणि गाडीत जाऊन बसलो.

परवा चंद्रीला सगळं सांगितलं. अकरा वर्षांची आहे, समजतं तिला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्याबाईले सांगतलं होतं?"

"नाही."

त्या तापानंतर आक्का रोज दिवेलागणीला चंद्रीच्या कपाळाला उलटा हात लावून पाही. चार वर्षांत, अंथरुणाला खिळल्यावरही, एक दिवस चुकला नाही. काल त्या वेळेला मी हात लावायला गेलो. चंद्रीने तो हळूच बाजूला केला आणि आत जाऊन आक्काच्या जागेवर एकटीच बसून राहिली.