बू एंदा आधी स्वयंपाक विचारते

लुमाजांगच्या धर्म न्यायालयात मी दारापाशी नंबरच्या चिठ्ठ्या देते. शेजारचं टेबल मोफत कायदेमदतीचं. तिथे सतरा वर्षं बू एंदा बसते; आमच्याकडे बाईला आदराने बू म्हणतात आणि पुरुषाला पाक. दरवर्षी वरून तपासणी येते, दिवसाला किती अर्ज झाले ते पाहतात आणि तिचा आकडा सगळ्यात कमी निघतो. मला संताप येतो. ती मात्र त्यांनाही चहा पाजते.

एका मंगळवारी सर्मिदी आणि सुमियेम हे जोडपं आलं. पंचवीस वर्षांचा संसार, पण निकाह गावच्या किआईंनी, म्हणजे मौलवींनी, लावलेला. सरकारदरबारी नोंद नाही. लेक रेत्नोचं लग्न दोन महिन्यांवर. आईबापाच्या निकाहाचा कागद नसेल, तर सर्मिदीला लेकीचा वली, म्हणजे निकाह लावून देणारा पालक, म्हणून उभं राहता येणार नव्हतं. बापाच्या जागी सरकारी अधिकारी तिचा निकाह लावून देणार. बाहेरून लिहून आणलेला त्यांचा अर्ज एकदा फेटाळलाही होता. सुमियेमचा वली म्हणून त्यात किआईंचं नाव होतं, आणि बाप हयात असताना परका माणूस वली कसा?

"बापाचं नाव लिहून मोकळी हो ना," मी बू एंदाच्या कानाशी म्हटलं.

"गप गं. खोटं मी लिहीत नाही, आणि खरं अजून कुणी सांगितलेलं नाही." ती सुमियेमकडे वळली. "निकाहाच्या दिवशी काय शिजलं होतं, बू?"

"रावोन. रस्सा खारट झाला होता."

"अजूनही होतो," सर्मिदी पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा हो!"

"आणि तुमचे बाबा कुठे होते?"

"किआईंच्या शेजारी. चारचौघांत त्यांची जीभ अडखळायची. म्हणून किआईंचा हात धरून म्हणाले, माझ्या लेकीचा निकाह माझ्या वतीने तुम्ही लावा."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही!"

वली बापच, किआई फक्त त्याच्या वतीने बोलले. बू एंदाने तसंच लिहिलं. ते शब्द ऐकलेले दोन म्हातारे साक्षीला आले आणि न्यायाधीशांनी निकाह मान्य केला.

रेत्नोच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो. लेक देताना म्हणायचं वाक्य सर्मिदी ओठांत घोकत होता. अधिकारी म्हणाला, "पाक, तुमच्या वतीने मी बोलू का?"

"नको. मीच."

दोनदा वाक्य अर्ध्यात तुटलं. तिसऱ्यांदा पूर्ण झालं. नवऱ्यामुलाने कबूल म्हटलं. आता 'साह', निकाह पक्का, असं म्हणायचा मान साक्षीदारांचा. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत बायकांच्या मागच्या रांगेतून बू एंदाच ओरडली, "साह!"