आई मला न्हाऊ घालायची

माझ्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं माझा नवरा चारचौघांत छातीठोकपणे सांगतो आणि मी शेजारी बसून मान डोलावते. ही एक गोष्ट त्याला ठाऊक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — आणि कुठून सांगावं हे अजून ठरत नाहीये. सोप्या भागापासून सुरुवात करते.

आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी दहा वर्षांची होते. उस्मानपुऱ्यात बाबांचा फ्लॅट होता; तिथं मी, बाबा आणि त्यांची बहीण, माझी आत्या. आईनं हर्सूलच्या पुढं एक खोली भाड्यानं घेतली होती. ती एका दवाखान्यात केसपेपर काढायची. शहर तेव्हा चहूकडं पसरत होतं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले असत. घरं उठली होती, नळ पोचला नव्हता, आणि त्यात लागोपाठ दुष्काळ. माझ्या ताब्याचा खटला कोर्टात चालू होता — ताबा, जसा प्लॉटचा असतो तसा. निकाल लागेपर्यंत एक आड एक शनिवार-रविवार मी आईकडं राहायचं, असं ठरलं होतं.

आईच्या गल्लीत टँकर गुरुवारी आणि रविवारी यायचा. गुरुवारच्या पाण्यातला एक अख्खा ड्रम ती बाजूला ठेवायची. त्यावर फळी, फळीवर वरवंटा. तो माझा ड्रम. रविवारी सकाळी ती तो उघडायची, स्टोव्हवर पाणी तापवायची आणि मला डोक्यावरून न्हाऊ घालायची. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. "डोळे झाकून घे, मनू. शिकेकाई लई झोंबती," म्हणायची, आणि तिची बोटं टाळूवरून अशी फिरायची की मला बसल्या बसल्या पेंग यायची. ती स्वतः आठवडाभर ओल्या फडक्यानं अंग पुसून ड्युटीवर जायची. मला ते दिसत होतं. लहान होते, आंधळी नव्हते.

मला ती बोटं अजून हवी असतात. आता माझ्या बाथरूममध्ये शॉवर आहे, चोवीस तास पाणी आहे. पार्लरातली मुलगी डोकं छान चोळते, "प्रेशर ठीक आहे ना मॅडम" असं विचारते. ठीक आहे म्हणते मी. काय सांगणार तिला?

तर एका रविवारी माझ्या डोक्याला शिकेकाई लावलेली आणि नेमका तेव्हाच टँकर आला. आई म्हणाली, "बस तू हितंच, मी आले." पण मला मदत करायची हौस. तशीच, केसांतून फेस गळत, परकर वर खोचून कळशी घेऊन मी रांगेत घुसले. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावर एक गाडी थांबली. माझ्या वर्गातल्या राधिकाचे बाबा प्लॉट बघायला आले होते, आणि मागच्या सीटवर राधिका होती. तिनं मला नीट पाहिलं. सोमवारी वर्गात माझं नाव टँकर पडलं. ती मी नव्हतेच, असं मी शपथेवर सांगितलं, पण कुणाला पटणार?

पुढच्याच आठवड्यात जज मॅडमनी मला त्यांच्या खोलीत एकटीला बोलावलं. फार मायेनं बोलल्या. आईकडं राहायला आवडतं का, असं विचारलं. मला काय वाटलं असेल त्या क्षणी? आई नकोशी झाली होती का? छे. मला फक्त ती गल्ली नको होती, ती रांग नको होती. तेवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मी म्हणाले, "आईकडं पाणीच नसतं. ती मला अंघोळ घालत नाही. मी दोन दोन दिवस तशीच राहते." वर डोकं खाजवूनही दाखवलं. मला कुणी शिकवलं नव्हतं — ना बाबांनी, ना आत्यानं. सगळं माझं स्वतःचं. आणि सांगून झाल्यावर आपण किती छान सांगितलं, असंही वाटलं.

मी बाबांकडं राहिले. आईकडचा मुक्काम बंद झाला. महिन्यातून दोन शनिवार, दोन दोन तास, कोर्टातल्या एका खोलीत भेट. आई पिशवीतून फणी आणि तेलाची बाटली आणायची. माझी वेणी सोडायची, केस नाकाजवळ न्यायची, पुन्हा घट्ट वेणी घालून द्यायची. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. तिला कळलंच नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली. किती वर्षं? पुष्कळ.

तिला कळलं होतं. आई गेल्यावर दहाव्याला मावशी बोलता बोलता सांगून गेली. तेव्हा आईचे वकील म्हणत होते, गल्लीतल्या चार बायका साक्षीला आणू, पोरगी खोटं बोलतेय हे आत्ता सिद्ध होतं. आई म्हणाली होती, "राहू द्या. भरल्या कोर्टात माझ्या पोरीला खोटी नाय पाडायची."

एवढ्यावर थांबले तर तुम्ही म्हणाल, लहान होतीस गं, जाऊ दे. म्हणूनच थांबता येत नाही. दहा वर्षांच्या मुलीनं केलं ते सांगणं सोपंच होतं.

माझं ते वाक्य बाबांच्या घरात मोठं होत गेलं. आत्या ते पाहुण्यांना सांगायची, बाबा ऐकून सुस्कारा टाकायचे. पोरीला अंघोळसुद्धा न घालणारी बाई — नात्यात आईची हीच ओळख झाली. मी तिथंच असायचे. कधी चहा देत, कधी पुस्तकात डोकं घालून.

माझ्या लग्नात हळदीला आई आली. साधी हिरवी साडी नेसून. हळद लागली, मला पाटावर बसवलं, आणि नवरीला न्हाऊ घालायचं म्हणून बायका पाटाभोवती जमल्या. आई पुढं झाली. तिनं घंगाळातून तांब्या भरून घेतला, पाण्यात बोट घालून ते जास्त कढत तर नाही ना, हे पाहिलं. आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उभ्या जन्मात पोरीला कधी न्हाऊ घातलं नाही. आज कशाला ही हौस?"

आईनं आत्याकडं पाहिलंच नाही, तिनं माझ्याकडं पाहिलं. चिडून नाही, काही मागतही नाही. नुसती थांबली, तांब्या धरून. मी सव्वीस वर्षांची होते. एक वाक्य पुरेसं होतं.

मी म्हणाले, "आत्या, लवकर आटपा ना. पाणी गार होतंय."

आईनं तांब्या आत्याच्या हातात दिला.