त्या स्विचवर दुसरा सर्व्हर नव्हता

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. तेव्हा नव्हता, हे लिहितानाही नाही. त्यामुळे शांती करा, उतारा काढा असले सल्ले कृपया नकोत.

मी मूळची नागपूरची, बेंगळुरूत सर्व्हर सांभाळायची नोकरी करते. चामराजपेटमध्ये माझ्या घरमालकांच्या नात्यातल्या एक अक्का आहेत... पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर. त्या आणि त्यांचे यजमान मिळून कॉम्प्युटर क्लास चालवायचे. यजमान मागच्या वर्षी गेले. क्लासची मशीन्स रडतखडत चालत होती, म्हणून अक्कांनी मला गळ घातली.

मी सगळ्या मशीन्सच्या केबल्स एका नेटवर्क स्विचमध्ये जोडल्या आणि तिथेच नेटवर्क इन्स्टॉलेशनचा सर्व्हर लावला. प्रकार सोपा आहे. मशीन सुरू झालं की केबलवरून हाक मारतं – मला कोण चालू करणार? माझा सर्व्हर ओ देतो, डिस्क कोरी करतो आणि नवी सिस्टिम टाकतो. कुणाला काही विचारत नाही. ‘नक्की पुसू का?’ ही कटकट मीच काढून टाकली होती आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

अक्कांना मुहूर्त आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा, हवा होता. “पूजा करून सगळ्या एकदम चालू करूया की!” ‘सरी’, म्हटलं, म्हणजे इथल्या कानडीत ‘बरं’.

सकाळी पोचले तर प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूच्या माळा, दारात फोडलेला कोहळा. आरती झाली. अक्कांनी आणि शिकवणाऱ्या दोघींनी भराभर बटणं दाबली. मी ऐटीत ओळीतून फिरत शेवटच्या मशीनपाशी आले... आणि पायाखालची जमीनच सरकली.

ते आतल्या खोलीतलं मशीन होतं. यजमानांचं. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेले धडे त्यात होते. अक्का रोज दुपारी ते लावून बसायच्या. दुसरी कॉपी कुठेही नव्हती.

“अक्का, हे इथे कसं?”

“आजच्या दिवशी सगळ्या एका ओळीत पाहिजेत गं. यांचीच एकटी आत कशाला? वायरपण मीच लावली, बाकीच्यांना आहे तशी.”

मी केबल उपटली. आता काय उपयोग, असं वाटून अक्षरशः रडू फुटलं. मग स्क्रीनकडे नीट पाहिलं. बाकी सगळीकडे इन्स्टॉलेशन धावत होतं, इथे मात्र काळा पडदा आणि इंग्रजी अक्षरांत एकच ओळ – स्वल्प थांबा.

ही ओळ मी कुठेही लिहिलेली नव्हती. मी ती मोठ्याने वाचली, तशा अक्का मटकन स्टुलावर बसल्या. “पोरांनी घाई केली की आमचे हे असंच म्हणायचे. कानडी स्वल्प, म्हणजे थोडं, आणि मराठी थांबा.”

डिस्कला धक्काही लागला नव्हता. लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, काढले. माझ्या सर्व्हरने त्या मशीनला ओ दिली होती, पण मशीनने दुसऱ्याच कुणाचं तरी उत्तर घेतलं होतं. ते ज्या नेटवर्क पत्त्यावरून आलं, तो मी कुणालाच दिलेला नव्हता.

ऑफिसातला मित्र म्हणाला, “दुसरा सर्व्हर असेल गं.” कुठे? त्या स्विचला बाहेरची एकही वायर नव्हती, वायफाय नव्हतं. प्रत्येक केबल मी हाताने चाचपत दुसऱ्या टोकापर्यंत गेले. यजमानांनीच आधी काही करून ठेवलं असेल म्हणाल, तर अख्खी डिस्क शोधली... ती ओळ तिथेही नाही.

सगळे धडे मी एका पेन ड्राइव्हवर आणि आणखी दोन-तीन ठिकाणी कॉपी केले. अक्कांनी एक धडा पूर्ण ऐकला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आता हिलापण बाकीच्यांसारखी कर.”

माझी हिंमत होईना. त्यांनीच बटण दाबलं. तोच स्विच, तीच केबल. माझ्या सर्व्हरने ओ दिली, मशीनने ती घेतली, नवी सिस्टिम निमूट बसली.

“या वेळी ‘थांबा’ नाही म्हणाले?” अक्कांनी विचारलं.

“नाही.”

पेन ड्राइव्ह मुठीत धरून त्या आत गेल्या.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. भूत म्हणायला मी आजही तयार नाही. पण ‘तुझ्याच सर्व्हरची गडबड’ म्हणणाऱ्यांना ठणकावून सांगते – माझा सर्व्हर चोख काम करत होता. तो ते मशीन पुसायलाच निघाला होता.